‘सर’ नावाचं फोल्डर

आम्ही दोघांनी मिळून शेवटचं काम केलं ते एका लग्नपत्रिकेचा मजकूर कागदाशी जुळवून बघायचं. दिवस मावळायला आल्ता, लाईट नुकतीच आल्ती. ती कॉम्प्युटरपुढं खुर्चीवर, मी शेजारी बाजेवर, हातात मुलीच्या बापानं लिहून दिलेला कागद. ती पडद्यावरचं वाचायची, मी कागदावर बोट सरकवत जायचो आन् बराबर असलं की "हं" म्हणायचो. मी चौथी शिकलेला. माझं मला वाचायला लई वेळ लागतो, पण दुसरा वाचत असला की बोट बराबर चालतं.

पत्रिका लांब होती. आजोबा, चुलते, मामा, मावसे, आन् तळाला बारक्या पोरांचं "आमच्या ताईच्या लग्नाला यायचं बरं का". एका जागी मी तिला थांबवलं.

"ह्या चुलत्याला तू वर घेतलं. कागदावर त्यो मामाच्या खाली हाय."

"बाणानं वर नेलाय की. बाण दिसत न्हाई का?"

"मला वाटलं काट मारलीय. भांडण झालं असंल."

"तुमच्या हातात कागद दिला तितंच माझं चुकलं," ती म्हणली आन् हसली. मंग हसता हसताच म्हणली, "सर म्हणतात, नावं दोन रांगांत घ्यावीत. पान दाटल्यासारखं दिसत न्हाई."

मी हं म्हणलो न्हाई. बोट तिथंच ठेवलं.

"काय झालं?"

"सरलाच ये म्हणावं बोट ठेवायला."

ती परत पडद्याकडं वळली. "वाचू का पुढं?" म्हणली. मी म्हणलो वाच. शेवटपर्यंत जुळवून झालं.

पत्रिकेच्या कागदावर वर गणपतीचं आन् कुलदैवताचं नाव असतं. त्यो कागद पायदळी येऊ नये म्हणून जुळवणी झाली की ती त्यो चुलीत घालायची. त्या दिवशी मीच घातला. पत्रिका आता कॉम्प्युटरच्या पोटात होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी नळावर घागर भरता भरता ती खाली बसली. डोकं लई दुखून राह्यलंय म्हणली. जीप करून जालन्याला निघालो. अर्ध्या वाटेत ती गेली. ह्याच्यापेक्षा जास्त मला त्या दिवसाचं लिहायचं न्हाई. लिहायचंय ते त्या सरचं, आन् मी जी घाण करून ठेवली तिचं.

आमचं घराणं मेंढरांचं. बापाचा कळप दुष्काळात गेला, मंग मी परतूरला येऊन मोंढ्यात हमाली केली, पुढं एका जिनिंगवर राखणदार झालो. तिचा बाप माझ्या बापाबरोबर मेंढरं चारायचा, रानातच दोघांचं बोलणं झालं आन् दहावी पास झालेली पोरगी माझ्या घरात आली. शिक्षणावरून आमचं कधी वाजलं न्हाई. चिठ्ठी आली की ती वाचायची, मी ऐकायचो. मला त्यात कमीपणा वाटला न्हाई, कारण ती चिठ्ठी माझ्यासाठीच वाचायची.

दोन हजार साल उलटल्यावर स्टेशनकडच्या रस्त्याला एका पोरानं कॉम्प्युटरचा क्लास काढला. पोरगाच म्हणायचा, तिशीचा असंल. इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं. लेकीचं लग्न होऊन ती जाफराबादकडं नांदायला गेल्ती, घरात आम्ही दोघंच. चाळिशी ओलांडलेली माझी बायको त्या क्लासात पोरींच्या रांगेत जाऊन बसली. मीच म्हणलो जा. मला वाटलं आठ दिवसांत कंटाळून येईल.

ती कंटाळली न्हाई. रोज घरी आली की भाकरी थापता थापता सांगायची. सर म्हणले असं करायचं, सर म्हणले तसं दाबायचं, सरांनी आज एक मज्जा दाखवली. पहिले पंधरा दिवस मी ऐकलं. मंग मला त्या "सर म्हणले"ची चीड यायला लागली.  मी जळत होतो. दुसरा शब्द त्याला न्हाई, आन् मी शोधायलाबी जाणार न्हाई.

त्यात एक गोष्ट लई टोचायची. त्यो मला काका म्हणायचा आन् तिला वहिनी. एकदा मी जेवताना विषय काढला.

"काकाची बायको काकू होते. वहिनी कशी झाली?"

"त्याला वाटलं म्हणून म्हणतो. त्यात काय?"

"मंग मलाबी दादा म्हण म्हणावं."

"तुमच्या डोक्यावर किती काळे केस हायेत ते मोजा आन् मंग सांगते त्याला," ती म्हणली. "माझे अजून सगळे हायेत."

खरं होतं ते. पण खरं असल्यानं माणसाचं समाधान होतंच असं न्हाई.

पुढं क्लासात नवीन कॉम्प्युटर आले आन् जुन्यातला एक त्यानं आम्हाला दिला. बसवायला स्वतः आला. पाहुण्यांसाठी ठेवलेला कप खाली निघाला. त्यो वायरी जोडत होता, ती त्याच्या मागं वाकून उभी. "वहिनी, हे बघा," म्हणलं की ती आणखी वाकायची आन् विचारायची. ह्याचं काय, त्याचं काय, आन् हे उलटं लावलं तर काय. मी दारात उभा. इतक्या वर्षांत तिनं मला वाकून असं काही विचारलं न्हाई. विचारणार तरी काय? सरकीचं पोतं पाठीवर कसं घ्यायचं ते?

हळूहळू तिचं काम चालायला लागलं. आसपासच्या गावांतून लोक लग्नाच्या, जावळाच्या, तेरवीच्या मजकुराचे कागद आणून द्यायचे. ती पत्रिका तयार करायची, आम्ही दोघं जुळवायचो, मंग ते लोक ती फ्लॉपीत घेऊन छापखान्यात जायचे. काही अडलं की सर यायचा. फार वेळा अडायचं असं मला वाटायचं. त्यो बसला की मीबी बाजेवर बसायचो, काही काम नसताना. ती एकदा म्हणली, "जिनिंगवर राखण करता तशी घरी करायची गरज न्हाई." मी म्हणलो, सवय हाय.

ती गेल्यावर तिसऱ्या दिवशी त्यो भेटायला आला. ओट्यावर बसला आन् रडला. चारचौघांत तोंडाला रुमाल लावून रडला. मला तोवर रडू आलं नव्हतं, आन् हा इथं येऊन रडून राह्यला. लोक त्याच्या पाठीवरून हात फिरवत होते. माझ्या बायकोसाठी त्याच्या पाठीवर हात. मी तांब्या उचलला आन् आत गेलो.

जाताना म्हणला, "काका, कॉम्प्युटरला आता हात लावू नका कोणी. वहिनींच्या फायली आहेत. काही लागलं तर मला हाक मारा."

हात लावू नका. का लावू नये? माझ्या घरात, माझ्या बायकोच्या कॉम्प्युटरला? हे मनात असं बसलं की तेराव्यापर्यंत दुसरं काही सुचलं न्हाई. लोक येऊन दुःखाचं बोलायचे आन् मी त्या पेटीकडं बघायचो.

तेरावं झालं. लेक दोन दिवस थांबून गेली. त्या दुपारी मी दार लोटलं आन् कॉम्प्युटर लावला. लावायचा-बंद करायचा मला यायचा, तिचे हात पिठात असले की ती मलाच सांगायची. माऊसबी चालायचा. इंग्रजी अक्षरं मला वाचता येत न्हाईत, पण मोंढ्यात पोत्यांवरच्या मार्क्यांनी ओळखीची झालेली.

पडद्यावर एका फोल्डरवर तीन इंग्रजी अक्षरं होती. ती मी ओळखत होतो. क्लासच्या पाटीवर मोठ्या रंगात तीच होती. सर.

आत एकच फाईल. मी दोनदा दाबलं. एक खिडकी उघडली आन् त्यात मराठी अक्षरं. मराठीच, पण वाचलं तर अर्थ न्हाई. एक ओळ. तिच्या खाली तीच ओळ, जरा मोठी. तिच्या खाली परत तीच, आणखी मोठी. अशी करत करत शेवटची ओळ एवढी मोठी की खिडकीत मावत नव्हती. मी बोट ठेवून अक्षर अक्षर जुळवलं. बिलकुल तीच ओळ, परत परत, बारीक आवाजापासून ओरडण्यापर्यंत.

कोणी काही म्हणो, मला त्यात जे दिसलं ते सांगतो. त्या दोघांनी आपली एक भाषा केल्ती. तिसऱ्याला कळू नये अशी. आन् त्या भाषेत त्यानं एकच गोष्ट तिला परत परत लिहून दिल्ती.

बंद करून टाकावं वाटलं. पण मी बंद केलं न्हाई. ती उजवं बटन दाबून काहीतरी यादी काढायची ते मी पाह्यलं होतं. मी ते दाबलं. फाईल कशात उघडायची ते विचारणारी यादी आली, प्रत्येक प्रोग्रामचं चित्र आन् नाव. मला वाटलं, दुसऱ्या कशात उघडली तर खरं लिहिलेलं दिसंल. एक वहीचं चित्र होतं ते निवडलं. यादीच्या खाली एक रिकामी चौकट होती, बरोबरची खूण करायला. शाळेत गुरुजी बरोबर उत्तरावर करायचे तशी खूण. मी ती केली. ह्या वेळेला बरोबर यावं असं वाटलं, म्हणून केली.

उघडलं ते चौकोन, टिंबं, उलटे प्रश्नचिन्ह, किडे सांडल्यासारखं.

मंग डोक्यात आलं, ह्या फायलीत वर एक आन् आत एक असंल, तर तिच्या पत्रिकांतबी असंल. एवढ्या पत्रिका त्यानं शिकवून केलेल्या. मी पत्रिकेची एक फाईल घेतली, उजवं बटन दाबलं, वहीचं चित्र निवडलं, बरोबरची खूण केली. परत किडे. आन् ती खिडकी बंद करून पाह्यतो तर सगळ्या पत्रिकांवरचं चित्र बदललेलं. तिच्या पत्रिकांवर एक लाल चौकोन असायचा, ती ज्यात पत्रिका करायची त्या प्रोग्रामचा. आता सगळ्यांवर वही. मी फक्त एकीलाच हात लावला होता. कोणतीबी उघडली की किडेच. मी दाबत गेलो, एक, दोन, दहा. मंग कॉम्प्युटर बंद केला आन् बाजेवर पडून राह्यलो. तिच्या सगळ्या पत्रिका मी एका दुपारी मारून टाकल्या असं मला वाटलं.

दुसऱ्या दिवशी त्या शेवटच्या पत्रिकेवाल्या मुलीचा बाप आला. अंतरवालीकडचा माणूस, टोपी हातात घेऊन आला. आधी दुःखाचं बोलला, मंग म्हणला, "दादा, असं विचारू नये, पण पत्रिका तयार हाय का?"

"तयार व्हती."

"व्हती म्हंजे?"

"उघडंना झाली."

"मंग माझा कागद द्या. दुसरीकडं करतो."

"कागद चुलीत गेला. तुम्ही नावं परत लिहून द्या."

त्यानं टोपी घातली. "दादा, ती नावं लिहायला आमच्यात आठ दिवस भांडण चालल्तं. कोणता चुलता वर, कोणता मामा खाली. चुलता रुसून शेतात जाऊन बसल्ता. बाण काढून त्याला वर नेला तवा घरी आला. आता परत लिहायला बसलो तर लग्न मोडंल."

मी चुलीकडं बघितलं.

"तो क्लासवाला सर हाय ना? त्याला बोलवा की."

"त्याला न्हाई बोलवायचं."

"का?"

"न्हाई म्हणलं ना."

त्यो मला बघत राह्यला. मी म्हणलो, दोन दिवस द्या. ती तिची शेवटची पत्रिका होती. ती छापून गावात वाटली जावी, तिनं नीट लावलेली नावं लोकांनी वाचावीत, एवढं मला पाह्यजे होतं. आन् ते त्या माणसाचा हात त्या पेटीला न लागता पाह्यजे होतं.

दोन दुपारी मी बसलो. आन् बसून बसून एक गोष्ट मला समजली, ती मेंढरांमुळं. आमच्यात मेंढराला दोन खुणा असतात. पाठीवर गेरूचा पट्टा, लांबून दिसायला. आन् कानाला कात्रा, कोकरू असतानाच कापलेली खाच. दोन कळप पाण्यावर एकत्र झाले आन् कोणी चुकून आपल्या मेंढराच्या पाठीवर दुसऱ्याचा गेरू मारला तर ते मेंढरू दुसऱ्याच्या वाड्याकडं हाकललं जातं. पण मेंढरू तेच असतं. कान बघितला की कळतं कुणाचं. मी फायलींची नावं नीट पाह्यली. नावाच्या पुढं एक टिंब आन् टिंबाच्या पुढं तीन इंग्रजी अक्षरं. पत्रिकांच्या सगळ्या फायलींना तीच तीन अक्षरं. चित्र बदललं होतं, पण ती अक्षरं बदलली नव्हती. म्हंजे मी गेरू चुकीचा मारला होता. कान शाबूत होता. मेंढरं मेली नव्हती, दुसऱ्याच्या वाड्याकडं चालल्ती.

हे समजल्यावर मला ती गेल्यापासून पहिल्यांदा बरं वाटलं. आता फक्त परत गेरू मारायचा, लाल चौकोनाचा. पण यादी काढली तर तिच्यात लाल चौकोन नव्हताच. वही होती, रंगाची डबी होती, गाण्याचं चित्र होतं, भलतीसलती दहा चित्रं होती. लाल चौकोन न्हाई. मी खालवर करून पाह्यलं, बंद करून परत लावलं. दुसऱ्या दिवशीबी न्हाई. जिथं पाठवायचं त्यो वाडाच यादीत नव्हता. तिथं माझी अक्कल संपली.

तिसऱ्या दिवशी सकाळी मुलीचा बाप दारात उभा. मी म्हणलो, तुम्ही बसा. आन् चपला घालून क्लासला गेलो. दारातूनच म्हणलो, "चल." त्यो लगेच उठला. पोरींना काम देऊन आला.

घरात आल्यावर त्यो सवयीनं खुर्चीकडं गेला. मी आधी जाऊन बसलो.

"इथं मी बसणार. तू उभं राहून सांग."

"काका, मी केलं तर दोन मिनिटांत होईल."

"मला घाई न्हाई."

"मला हाय," मुलीचा बाप बाजेवरून म्हणला.

त्यानं हात मागं बांधले आन् माझ्या मागं उभा राह्यला. पडदा बघून विचारलं, "हे कुणी केलं?"

"मी."

"कशासाठी?"

"तू तिला काय लिहिलंय ते बघायला."

मुलीच्या बापानं तोंड दाराकडं फिरवलं.  मी मागं वळलो न्हाई, पण पडद्याच्या काचेत सरचं तोंड दिसत होतं, लाल झालेलं.

"विचारायचं होतं, काका," त्यो हळू म्हणला.

"तुला?"

"वहिनींना."

"ती होती तवा हिंमत झाली न्हाई."

त्यो खुर्चीच्या जवळ सरकला. मंग त्यो म्हणला, "उजवं बटन दाबा."

"कोणत्या फायलीवर?"

"कोणत्याही. एक नीट झाली की त्या जातीच्या सगळ्या होतात."

"ते मला माहीत हाय. बिघडल्याबी तशाच." आन् मंग मी त्याला दाखवायला म्हणून मुद्दाम सांगितलं, की हे कानाचा कात्रा न् पाठीचा गेरू हाय, कात्रा शाबूत हाय, गेरू चुकलाय. त्याला कळावं की मलाबी काही समजतं.

त्यो म्हणला, "हो. वहिनी क्लासमध्ये नव्या मुलींना असंच सांगायच्या. मेंढरू आणि गेरू. म्हणायच्या, आमच्या घरी असं सांगतात. माझ्यापेक्षा मुलींना त्यांचं लवकर कळायचं."

मी माऊसवरचा हात काढला. मेंढरांचं मी तिला नव्या लग्नात सांगितलं होतं, रानात. मला वाटलं होतं ती इसरली. ती ते क्लासात नेऊन पोरींना सांगत होती आन् मला कधी बोलली न्हाई. ज्या पोरींनी ते तिच्या तोंडून ऐकलं, त्यांच्यावरबी त्या घडीला माझा जळफळाट झाला. माझंच बोलणं, आन् मी सोडून सगळ्यांनी ऐकलेलं.

"काका, यादी आली का?"

"आली. पण लाल चौकोन न्हाई तिच्यात."

"यादीत नसला की त्याच्या घरून आणावा लागतो. खालचं ते बटन दाबा." त्यानं डब्यात डबा असावा तसं एकेक फोल्डर उघडायला लावलं, ह्याच्यात जा, आता ह्याच्यात. बोट पडद्याला लावायला आला तवा मी म्हणलो, तोंडानं सांग. त्यानं तोंडानं सांगितलं. तिसऱ्या फोल्डरात लाल चौकोन दिसला.

"ह्यो."

"तोच. आता चौकटीत बरोबरची खूण करा."

"त्या खुणेनंच घात केलाय."

"त्याच खुणेनं नीट होतं. फक्त कुणाला नेमून दिलं ते बघायचं."

मी खूण केली. सगळ्या पत्रिकांवर एकदम लाल चौकोन आले. शेवटची उघडली. गणपती, कुलदैवत, आजोबा, मंग चुलता, वर. दोन रांगांत. मुलीचा बाप उठून आला, त्यानं चुलत्याचं नाव पाह्यलं आन् मोठा श्वास सोडला. सर सांगत गेला तसं मी पत्रिका फ्लॉपीत घातली, ती घेऊन मुलीचा बाप गाडी गाठायला गेला.

सर जायला निघाला तवा मी म्हणलो, थांब. ते फोल्डर उघडलं. "हे काय हाय तेवढं सांगून जा."

त्यानं पाह्यलं, मला त्या फायलीचाबी गेरू नीट करायला लावला आन् उघडायला सांगितलं. त्याच ओळी, बारीक ते मोठ्या.

"हा फॉन्ट आहे, काका. मराठी अक्षरांचा साचा. हा कॉम्प्युटरमध्ये नसेल तर मराठी दिसतच नाही. मी फ्लॉपीत आणून दिला होता म्हणून वहिनींनी माझ्या नावाच्या फोल्डरमध्ये ठेवला."

"आन् हे लिहिलेलं?"

"ते कुणी लिहिलेलं नाही. अक्षरं कशी दिसतात ते दाखवायला एक इंग्रजी वाक्य असतं, सगळ्या फॉन्टमध्ये तेच. मराठी साच्यात पडलं की असं दिसतं. त्याला अर्थ नाही."

मी त्या ओळी बघत बसलो. कोणी म्हणंल की मला हलकं वाटलं असंल. तसं झालं न्हाई. माझ्या डोक्यात आलं ते हे, की इतक्या वर्षांत तिनं जे जे लिहिलं, लोकांची लग्नं, बारशी, ती पत्रिकासुद्धा, ते सगळं ह्यानं आणून दिलेल्या अक्षरांनी. मी तिला एक अक्षरबी कधी आणून दिलं न्हाई.

"हा कॉम्प्युटर क्लासला दिला तर मुली शिकतील, काका," त्यो दारातून म्हणला. "बंद ठेवून खराब होईल."

"बंद ठेवणार न्हाई," मी म्हणलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दाढी केली, धुतलेलं धोतर नेसलो आन् क्लास उघडायच्या आधी जाऊन पायरीवर बसलो. सर आला, त्यानं शटर वर केलं. मला बघून बाजूला झाला. मी म्हणलो, फॉर्म भर. त्यानं लिहिला, शिक्षणाच्या जागी चौथी. मी अंगठा लावत न्हाई, सही केली. तोवर पोरी, बाया येऊन आपापल्या जागी बसल्या. मी विचारलं, ती कोणत्या कॉम्प्युटरवर बसायची? त्यानं खिडकीजवळचा दाखवला. तिथं एक बाई बसल्ती, कडेला पर्स ठेवून. मी तिच्यापुढं जाऊन उभा राह्यलो आन् म्हणलो, "बाई, तुम्ही दुसरीकडं बसा."